घरातल्या पोर्ट्रेटसाठी ५० मिमी एफ/१.८ लेन्स : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

क्रॉप म्हणजे लहान आकाराच्या सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठी ही प्राइम, म्हणजे झूम नसलेली, लेन्स घेऊन आता नऊ महिने झाले. त्याआधी मी कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स वापरत होते (मिमीचा आकडा लहान तेवढे दृश्य रुंद). ती ५५ मिमीवर नेली की अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र, एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा लहान तेवढे छिद्र मोठे). त्यामुळे दिवस कलल्यावर खोलीत कोणाचा फोटो काढायचा तर आयएसओ, म्हणजे प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, ६४०० पर्यंत चढवावा लागे आणि गालांवर रवाळ दाणे उमटत. एफ/१.८ ला एफ/५.६ च्या जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो, म्हणजे शटरचा वेग तोच ठेवूनही आयएसओ ६४० वर काम भागते. लेन्स घेण्यामागचे मूळ कारण पहिल्याच दिवशी निकालात निघाले.

अडचण त्यानंतर सुरू झाली. एवढे मोठे अ‍ॅपर्चर हाती आल्यावर ते वापरायचे नाही म्हणजे काय, अशा हौसेने मी पहिले दोन महिने एफ/१.८ सोडलेच नाही. आजोबांचा एक फोटो कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर अप्रतिम वाटला होता. संगणकावर पूर्ण आकारात उघडला तेव्हा चष्म्याच्या फ्रेमवरचा ओरखडा मोजता येईल इतका स्पष्ट होता आणि काचेमागचे डोळे मात्र धूसर. या लेन्सने एक मीटरवरून एफ/१.८ ला फोटो काढला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम तीन सेंटीमीटरचा असतो, आणि समोरचा माणूस बोलता बोलता तेवढा सहज पुढे झुकतो. आता मी दीड मीटरवर उभी राहते, अ‍ॅपर्चर एफ/२.८ ठेवते आणि एकच फोकस बिंदू जवळच्या डोळ्यावर धरते. तो पट्टा सुमारे दहा सेंटीमीटरचा होतो, आयएसओ १६०० च्या आसपास जातो, आणि ते दाणे मला धूसर डोळ्यांपेक्षा कितीतरी पटीने परवडतात.

दीड मीटरच्या या अंतराचा दुसरा लाभ नाकाला होतो. किट लेन्स १८ मिमीवर ठेवून मी माणसाच्या अगदी जवळ जात असे, तेव्हा नाक पुढे आलेले आणि कान मागे गेलेले दिसत. हा दोष लेन्सचा नसून अंतराचा असतो. ५० मिमीची लेन्स फक्त मागे सरकायला भाग पाडते. मात्र मागे सरकायला जागा हवी. उभ्या माणसाचा पूर्ण फोटो घ्यायचा तर सव्वाचार मीटर अंतर लागते, आणि माझी पाठ त्याआधीच कपाटाला टेकते. लहान खोलीत प्रामुख्याने पूर्ण आकृतीचे किंवा दोघा-तिघांचे एकत्र फोटो काढणाऱ्यांनी ३५ मिमीचा विचार करावा, असे मी स्पष्टपणे सांगेन.

प्रकाशाच्या बाबतीत लेन्सला मर्यादा आहेत, हे उमगायला मला बराच काळ लागला. छतावरच्या दिव्याखाली बसवलेल्या माणसाच्या डोळ्यांखाली खोबणी पडतात आणि त्या कोणत्याही अ‍ॅपर्चरला पडतातच. दिवसाउजेडी मी आता खोलीतले सगळे दिवे बंद करते. खिडकीचा प्रकाश सुमारे ५५०० केल्व्हिनचा (हे प्रकाशाच्या रंगाचे माप; आकडा मोठा तेवढा प्रकाश निळसर) आणि पिवळ्या दिव्याचा २७०० चा असल्यामुळे एक गाल निळसर आणि दुसरा पिवळा येतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, एका गालाचा सुधारावा तर दुसरा बिघडतो. माणसाला खिडकीपासून साधारण एक मीटरवर, तिच्याकडे थोडे तिरके बसवते आणि सावलीच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करते. तो हातभर जवळ आणला की गालावरची काळी सावली राखाडी होताना नुसत्या डोळ्यांनी दिसते. चष्म्याच्या काचेत खिडकी उमटत असेल, तर हनुवटी जरा खाली घ्यायला सांगावे किंवा चष्म्याच्या दांड्या कानांवरून किंचित उचलाव्यात; आजोबांच्या पुढच्या फोटोत हीच युक्ती कामी आली.

लेन्समध्ये दोष आहेत. फोकसची मोटर घुरघुरते, आणि अंधूक उजेडात फोकस पुढेमागे चाचपडत राहतो, तेवढ्यात समोरच्याचे हसू मावळून जाते. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला खिडकीच्या चौकटीच्या कडेवर जांभळी किनार येते, ती एफ/२.८ ला बरीच कमी होते. लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन नाही, पण माणसांच्या फोटोंसाठी मला त्याची उणीव भासली नाही. ते हात स्थिर करते, समोरच्याची मान नव्हे, आणि त्यासाठी शटर १/१२५ सेकंद लागतेच. फक्त काही एलईडी दिव्यांखाली याच वेगाला फोटोत आडवे पट्टे येतात. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल, तर अशा वेळी १/१०० वर यावे.

किट लेन्स आता घरात सगळे एका चौकटीत बसवायचे असतील तेव्हाच बाहेर निघते.