औषध चाचणी विभागाचा अनुभव: सेवा चोख, पण जिल्हा दाराबाहेर

कोल्हापुरातील एका खासगी रुग्णालयाच्या औषध चाचणी विभागात माझे मामा मधुमेहावरील नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी झाले होते आणि त्यांच्या सोबतीला मी जात असे. रुग्णालयाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मला खटकलेली उणीव एकट्या त्या विभागाची नाही.

सेवेत बोट ठेवायला जागा नाही. सही घेण्यापूर्वी समन्वयक बाईंनी माहितीपत्रकाचे प्रत्येक पान मामांना उमजेपर्यंत समजावले. औषधासारखी दिसणारी, पण औषध नसलेली गोळी आपल्या वाट्याला येऊ शकते आणि ती कोणाला मिळाली हे तपासणाऱ्या डॉक्टरांनाही ठाऊक नसते, हे त्यांनी लपवले नाही. मध्येच बाहेर पडण्याची मुभा आहे आणि चाचणीमुळे इजा झाल्यास 2019 च्या नियमांप्रमाणे मोफत उपचार व नुकसानभरपाईचा हक्क आहे, हेही त्यांनी आपणहून सांगितले. रात्री त्रास झाला तेव्हा फोन पहिल्याच प्रयत्नात उचलला गेला.

प्रश्न आहे तो बाकांवर कोण बसले होते याचा. बहुतेक जण शहरातले, निवृत्त, मुलाच्या गाडीवरून आलेले. गगनबावड्याच्या धनगरवाड्यावरचे कोणी, इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार किंवा हंगामात फडावर राहणारी ऊसतोड करणारी बाई मला तिथे कधीच दिसली नाही. मधुमेह मात्र त्यांनाही होतो, आणि औषध बाजारात आले की ते त्यांनाही लिहून दिले जाणार आहे.

ही केवळ न्यायाची बाब नाही. कोलेस्टेरॉलवरील रोसुवास्टॅटिन घेतल्यावर आशियाई लोकांच्या रक्तातील त्याचे प्रमाण गोऱ्या लोकांच्या तुलनेत सुमारे दुप्पट आढळले, म्हणून अमेरिकेतील माहितीपत्रकात आशियाई रुग्णांना 5 मिलिग्रॅमपासून सुरुवात करावी असे म्हटले आहे. असे फरक चाचणीत ते लोक असले तरच वेळेवर कळतात. तरीही 2020 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या नव्या औषधांच्या चाचण्यांत आशियाई सहभागी अवघे 6 टक्के आणि कृष्णवर्णीय 8 टक्के होते. तिथे 1993 च्या कायद्याने सरकारी निधीवरील संशोधनात स्त्रिया व अल्पसंख्य समाजांचा समावेश बंधनकारक केला होता, तरी औषध चाचण्यांतले चित्र असे आहे. अमेरिकेत मंजुरीसाठी जाणाऱ्या औषधाच्या चाचणीत कोल्हापुरातून नोंदवलेला प्रत्येक जण आशियाई सहभागींच्या आकड्यात भर घालतो हे खरे. पण वंशाच्या रकान्यात ‘आशियाई’ अशी खूण झाली की निवृत्त कारकून आणि धनगरवाड्यावरची आजी यांच्या आहारातील, श्रमांतील आणि आजारांतील अंतर त्या खुणेखाली झाकले जाते.

मग ही माणसे येत का नाहीत? उपाशीपोटी रक्त देण्यासाठी सकाळी आठला हजर व्हायचे असेल, तर चंदगडच्या माणसाला आदल्या दिवशीच निघून शहरात मुक्काम करावा लागतो, मजुरी बुडते ती वेगळीच, आणि प्रवासखर्च हाती पडायला महिना लोटतो. निवडीच्या निकषांत हिमोग्लोबिनची मर्यादा असते, त्यामुळे कष्टकरी बायका पहिल्याच चाळणीत गळतात; सुरक्षिततेसाठी ती कुठे लागते आणि कुठे जुन्या आराखड्यातून तशीच उतरवली जाते, हे दर वेळी तपासले पाहिजे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 च्या मार्गदर्शनात नेमके हेच सांगितले आहे: निकष सैल करा, फेऱ्या कमी करा. अविश्वासही खोल आहे. 2010 मध्ये खम्मम आणि वडोदऱ्यातील मुलींवरील लशीचा अभ्यास संमतीच्या प्रश्नांमुळे थांबवावा लागला होता. असे घडल्यावर गरीब माणूस कचरला तर त्याला अडाणी म्हणणे मला मान्य नाही. संख्या भरायची म्हणून त्याला ओढून आणणे तर त्याहून वाईट.

या विभागाला मी सेवेसाठी पाचपैकी पाच गुण देईन आणि पोहोचण्यासाठी दोन. ठरावीक दिवशी गडहिंग्लजला किंवा इचलकरंजीला रक्तनमुने घेण्याची सोय करावी, बुडालेली मजुरी आणि प्रवासखर्च त्याच दिवशी हातात द्यावा, आणि गावातल्या आशाताईंना माणसे आणण्याचे लक्ष्य न देता शंका सोडवण्याचे काम मानधनासह द्यावे, असे मी विभागप्रमुखांना लेखी कळवले आहे. सहभागी होऊ इच्छिणाऱ्यांनी चाचणीचा सीटीआरआय (भारतातील औषध चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही) नोंदणी क्रमांक आधी मागून घ्यावा. 2009 पासून ही नोंदणी सक्तीची आहे आणि संकेतस्थळावर ती कोणालाही मोफत पाहता येते.