महिन्याचा डबा: डाएट आणि खा-खाच्या फेऱ्यात अडकलेल्यांना कितपत कामाचा?

लातूरचा ट्यूशन एरिया असो, छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाजवळचा बेगमपुरा असो की नांदेडच्या क्लासच्या गल्ल्या, ‘घरगुती मेस’, ‘डबा मिळेल’ अशा पाट्या पावलोपावली दिसतात. हल्ली शेजारीच ‘महिन्यात वजन कमी करा’ अशीही एखादी पाटी असते. मेसची पारख लोक चवीवर आणि पैशांवर करतात. इथे कसोटी वेगळी लावली आहे. दिवसभर मन मारून कमी खायचं, रात्री ताबा सुटून खायचं, सकाळी पस्तावून पुन्हा डाएट धरायचं, या फेऱ्यातून बाहेर पडायला महिन्याचा डबा मदत करतो का? आमच्या मते करतो, आणि वजन घटवायच्या पॅकेजपेक्षा कितीतरी जास्त करतो. पण मेस जशी चालते तशीच लावली तर तिच्या वेळापत्रकात मोठी भगदाडं आहेत, आणि खा-खा तिथूनच शिरते.

आधी कारण समजून घेऊ, कारण त्यावरच सगळी पारख उभी आहे. ताबा सुटणं म्हणजे जिभेचे चोचले नव्हेत. बहुतेक वेळा तो आधीच्या उपासमारीचा परिणाम असतो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं, रोज सुमारे १५७० कॅलरींवर. त्यांना दिवसरात्र खाण्याचेच विचार येऊ लागले. काही जण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, आणि बंधन उठल्यावर काहींना पोट गच्च भरूनही भूक भागल्यासारखं वाटेना. ही मुलं आधी खादाड नव्हती. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर फिरणारे तक्ते तर १२०० कॅलरींचे असतात.

दुसरी गोष्ट मनाची. १९७५ मध्ये हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी काही जणींना आधी मिल्कशेक पाजला आणि मग चवीच्या निमित्ताने आइस्क्रीम पुढे ठेवलं. एरवी खाण्यावर बंधन न घालणाऱ्यांनी शेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. डाएट करणाऱ्यांनी उलट जास्त खाल्लं. एक पेढा तोंडात गेला की ‘आता मोडलंच, तर आज खाऊन घेऊ, सोमवारपासून कडक’ असं वाटतं, ते हेच.

म्हणून ‘सकाळी शेक, रात्री शेक, मध्ये एक जेवण’ या पॅकेजला आमच्याकडून गुण नाहीत. पहिल्या आठवड्यात काटा झपकन खाली येतो तो बराचसा पाण्यामुळे. शरीरात साठलेल्या ग्लायकोजनच्या, म्हणजे साखरेच्या साठ्याच्या, दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं. साठा संपला की तेही जातं. एका रात्री खा-खा झाली की मीठ आणि पाण्यासकट एक-दोन किलो परत दिसतात. माणूस ती चरबी समजून घाबरतो आणि आणखी कडक डाएट धरतो. चाक इथेच फिरतं. शिवाय अशा योजनेत रात्री, म्हणजे मन सगळ्यात हळवं असताना, ताटात चावायला काहीच नसतं.

महिन्याच्या डब्याचा खरा गुण वेगळा आहे: काय खायचं हा निर्णय दुसऱ्याच्या हातात जातो आणि जेवण वेळेवर समोर येतं. ऑक्सफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ ख्रिस्तोफर फेअरबर्न यांच्या खा-खावरच्या उपचारपद्धतीतली पायाभूत पायरी हीच आहे. दिवसाला तीन जेवणं आणि दोन-तीन वेळा मधलं खाणं, दोन खाण्यांत चार तासांपेक्षा जास्त अंतर नको, आणि भूक असो-नसो, वेळ झाली की खायचं. वजन उतरवणं हा त्या टप्प्याचा हेतूच नसतो.

डबा घेताना पहिली चूक होते ती ‘हाफ डबा’ सांगण्याची. दोन चपात्या, भात नको, वरण थोडं. असा डबा म्हणजे डाएटच, फक्त स्टीलच्या डब्यात. निदान पहिले चार आठवडे पूर्ण डबा घ्या: चार चपात्या किंवा दोन भाकरी, एक सुकी भाजी, एक पातळ भाजी किंवा वरण, भात. संध्याकाळी ज्वारीची भाकरी मिळत असेल तर ती मागा. उरलं तर उरू द्या, पण आधीच कापून घेऊ नका.

डब्याचा दुबळा भाग म्हणजे वरण. बऱ्याच ठिकाणी ते इतकं पातळ असतं की डाळ तळाशी शोधावी लागते. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात २००० कॅलरींच्या दिवसासाठी सुमारे २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी वा अंडी-मांस आणि ३०० मिलिलिटर दूध-दही धरलं आहे. मेसमध्ये धान्याची बाजू नीट सांभाळली जाते, डाळ आणि दुधाची नाही. दुपारी एक वाटी दही, रात्री उकडलेलं अंडं किंवा मटकीची उसळ जोडली की पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. पोट भरून प्रथिनं मिळाली नाहीत तर रात्री अकराला फरसाणाची पिशवी खुणावते.

भाजीवर तर्री तरंगते ही तक्रार खरी आहे. तेल चमच्याने बाजूला काढा आणि पुढे चला. या कारणासाठी मेस सोडून सॅलडवर जाणं मात्र या फेऱ्यात महागात पडतं.

आता वेळापत्रक. दुपारचं जेवण साडेबाराच्या सुमाराला, रात्रीचं आठला, आणि सकाळी सहाला उठलेलं पोर साडेबारापर्यंत चहावर. चहा हे खाणं नव्हे. म्हणजे सकाळी साडेसहा तास आणि दुपारनंतर साडेसात तास रिकामे. हेच सगळ्यात मोठं भगदाड. ते असं भरा: साडेसातला सुशीला, पोहे किंवा दह्यासोबत दोन धपाटे, अकराला एक केळं, साडेचारला मूठभर फुटाणे-शेंगदाणे आणि पेरू, अभ्यासाला जागत असाल तर साडेदहाला कपभर दूध. सुशीला करायला दहा मिनिटं पुरतात: चुरमुरे भिजवून लगेच पिळायचे, कांदा-मिरचीच्या फोडणीत परतायचे, वरून डाळ्याचं कूट. खोलीवर गॅस नसेल तर गाड्यावरचे पोहे चालतील. फुटाणे-शेंगदाणे आठवड्याचे एकदम पिशवीत ठेवू नका, रोजची पुडी वेगळी बांधा.

बसून खायची मेस की खोलीवर डबा? दोन्हींत खोट आहे. ‘अनलिमिटेड’ मेसमध्ये वाढपी आग्रहाने चपात्या टाकत जातो आणि किती झालं ते कळत नाही. खोलीवरचा डबा मोजका असतो, पण दार लावून, मोबाइल बघत, एकट्याने खाणं ही खा-खाची नेहमीचीच जागा. ती बहुधा एकांतात आणि रात्री होते. म्हणून आमचा सल्ला: दुपारी डबा, रात्री मेसमध्ये चार लोकांत बसून. डबा खोलीवर खायचाच असेल तर सगळं आधी ताटात वाढून घ्या, डब्यातून थेट खाऊ नका, मोबाइल दुसऱ्या टोकाला ठेवा.

रविवार हा मेसचा सगळ्यात धोक्याचा दिवस. दुपारी फीस्ट: पुरी, मसालेभात, गुलाबजाम किंवा जिलेबी. संध्याकाळी सुट्टी. फेऱ्यात अडकलेला माणूस फीस्टसाठी जागा ठेवायची म्हणून सकाळी उपाशी राहतो, दुपारी त्याचा ताबा सुटतो, भरपाई म्हणून रात्री काही खात नाही, आणि सोमवारी दुपारपर्यंत जवळजवळ २४ तास पोट रिकामं. रविवारी सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही. रात्री काय खायचं ते शनिवारीच ठरवा: मुगाची खिचडी, नाहीतर ओळखीच्या खानावळीत भाकरी-पिठलं. वजन करायचं असेल तर आठवड्यातून एकदाच, गुरुवारी सकाळी. फीस्टनंतरच्या सोमवारचा काटा पाणी आणि मीठ मोजतो, बाकी काही नाही.

मग येतो खाडा, म्हणजे आधी सांगून जेवण न घेणं. मेसवाले साधारणपणे आदल्या दिवशी सांगितलं तर जेवणाचे पैसे वळते करतात. कुठे सलग दोन-तीन दिवसांची अट असते. काटकसरीला ही सोय उत्तम, पण इथे तिचा दुरुपयोग होतो: रात्री खा-खा झाली, सकाळी ‘आज खाडा धरा’ असा निरोप. हे करूच नका. खा-खा झाल्यानंतर सगळ्यात महत्त्वाचं काही असेल तर ते पुढचं जेवण, वेळेवर, पूर्ण. गावी जाण्याशिवाय खाडा नाही असं स्वतःशी पक्कं ठरवून टाका.

उपवासाचंही सांगायला हवं, कारण आपल्याकडे संकष्टी, एकादशी आणि तुळजाभवानीचं नवरात्र घराघरात पाळतात. श्रद्धेला कुणी बोट लावत नाही. पण संकष्टीला चंद्र उगवेपर्यंत कोरडं राहून मग ताटावर बसणं म्हणजे या फेऱ्याला आयतं इंधन. उपवास धरलाच तर त्याच वेळांना भगर-आमटी, दही, फळं, राजगिऱ्याचे लाडू घ्या. खा-खा नियमित होत असेल तर तो आजारच आहे, आणि आजारी माणसाला उपवासातून सूट असते, हे घरातल्या थोरांनाही ठाऊक असतं.

सोबत एक वही ठेवा. वेळ, काय खाल्लं, कुठे, ताबा सुटल्यासारखं वाटलं का, एवढंच आणि खाताक्षणी लिहायचं. कॅलरी लिहायच्या नाहीत. दोन आठवड्यांत कोणती भगदाडं उघडी आहेत ते वहीच दाखवते. तीन-चार आठवडे वेळा सांभाळल्यावर ‘वर्ज्य’ पदार्थांकडे वळा: खारी, क्रीम बिस्कीट, चिवडा, पेढा. सगळ्यात सोप्यापासून सुरुवात, एका वेळी एकच, पोटभर जेवल्यानंतर, सगळ्यात लहान पाकीट, खोलीबाहेर, कुणासोबत तरी. रिकाम्या पोटी हा प्रयोग फसतो.

डबा कुठे कमी पडतो तेही ऐका. खाऊन मुद्दाम उलटी करणं, जुलाब होण्याच्या गोळ्या घेणं चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम घसरून हृदयाची लय बिघडू शकते. तिथे मेस नव्हे, डॉक्टर. मधुमेहाचं इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील, गरोदरपण असेल, वजन फारच कमी असेल, तर वेळापत्रक डॉक्टरांना विचारून लावा. ताबा सुटून खाणं आठवड्यातून निदान एकदा, असं तीन महिने चाललं तर २०१३ पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात तो स्वतंत्र आजार आहे. त्यावर संभाषण-उपचार उपयोगी पडतात. संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाई, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं इथे मानसोपचार विभागात दाखवता येतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कधीही बोलता येतं.

पैसे भरण्याआधी मेसवाल्या काकूंना हे विचारून घ्या: रात्रीची पंगत किती वाजेपर्यंत, भाकरी कोणत्या वारी, जादा दही-अंडं मिळेल का, रविवारी रात्री खिचडीची सोय करता येईल का. शेवटच्या प्रश्नाला जी मेस हो म्हणेल ती चवीला थोडी डावी असली तरी घ्या.

दिवाळीला मेस बंद राहते आणि पोरं गावी जातात. तिथेही साडेसात, अकरा, साडेबारा, साडेचार, आठ या वेळा सोडू नका. फराळ सकाळच्या नाश्त्यात, ताटलीत काढून, बसून खा. उभ्याने डब्यात हात घालणं आणि ‘दिवाळी झाली की बघू’ हे दोन्ही टाळा.