शेजाऱ्याच्या सहीवर सुटलेलं पार्सल: विक्रेत्याच्या नजरेतून या सोयीचं परीक्षण

ग्राहक घरी नसला की पार्सल शेजारी देऊन टाकायचं, ही सोय कुरिअर कंपन्यांना मानवते आणि बऱ्याच ग्राहकांनाही. गाडीची दुसरी चक्कर वाचते, ग्राहकाला डेपोपर्यंत हेलपाटा पडत नाही. जमलं तर सगळे खूश. फसलं तर भुर्दंड मात्र बहुतेक वेळा विक्रेत्याच्या गळ्यात. म्हणून ही सोय ग्राहकाला किती सोयीची हे इथे बाजूला ठेवलंय. वाद झाला तर ती विक्रेत्याच्या हातात काय ठेवते आणि ते कुठे चालतं, एवढंच इथे तपासलंय.

मुख्य दोष ट्रॅकिंगमध्येच आहे. पार्सल खुद्द ग्राहकाला दिलं काय आणि तीन दारं सोडून दिलं काय, वरच्या ओळीत शब्द एकच उमटतो: 'डिलिव्हर्ड'. शेजाऱ्याचा उल्लेख असलाच तर आत, तपशिलात. टपालातून परदेशी गेलेल्या पार्सलचं तर आणखी अवघड. अंतिम वितरणासाठी टपाल खाती एकमेकांना 'ईएमआय' हा संकेत पाठवतात आणि पाठवणाऱ्या देशाच्या संकेतस्थळावर अनेकदा तेवढाच दिसतो. तोच क्रमांक पोहोचलेल्या देशाच्या टपाल खात्याच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा. सही करणाऱ्याचं नाव किंवा 'शेजारी' हा शेरा असलाच तर तिथे सापडण्याची शक्यता जास्त. ग्राहकाला 'ट्रॅकिंग डिलिव्हर्ड दाखवतंय' असं एका ओळीत कळवणारे विक्रेते इथेच चुकतात. ग्राहक रिकाम्या दारात उभा असतो. त्या वाक्याचा त्याच्या कानाला एकच अर्थ लागतो, आपल्याला खोटं ठरवतायत.

आता हा पुरावा कुठे चालतो ते पाहू. निवाडा चार ठिकाणी होतो आणि चारही ठिकाणचे प्रश्न वेगवेगळे.

ईबेसारख्या बाजारपेठेचा प्रश्न सर्वांत सोपा. ट्रॅकिंगवर डिलिव्हर्ड आहे का, तारीख आहे का, आणि शहर किंवा पिनकोड ऑर्डरच्या पत्त्याशी जुळतो का. शेजाऱ्याचा पिनकोड बहुधा तोच असतो, म्हणून इथे विक्रेत्याची बाजू भक्कम. 750 डॉलर किंवा त्याहून मोठ्या ऑर्डरला सहीही लागते. 'वस्तू मिळाली नाही' अशी तक्रार आली की उत्तराला 3 कामकाजी दिवस मिळतात. त्यात ट्रॅकिंग क्रमांक त्याच्या ठरलेल्या रकान्यात भरायचा. नुसत्या संदेशात लिहिलेला क्रमांक म्हणजे पुरावा नव्हे. मुदत हुकली की ग्राहक ईबेला मध्ये घालू शकतो आणि मग बाजू भक्कम असूनही हात बांधले जातात.

पेपाल या ऑनलाइन पैसे भरण्याच्या सेवेचे निकष वरवर तसेच आहेत, 750 डॉलरची रेघसुद्धा तीच. ग्राहकाला पैसे भरल्यापासून 180 दिवसांत वाद उघडता येतो आणि उघडल्यावर 20 दिवसांच्या आत तो दाव्यात बदलावा लागतो, म्हणजे पेपालकडे निवाडा मागावा लागतो, नाहीतर आपोआप बंद होतो. पण एक अट फार थोडे विक्रेते वाचतात. पार्सल व्यवहाराच्या नोंदीतल्या पत्त्यावर पाठवलं आणि नंतर ते दुसऱ्या पत्त्याकडे वळवलं गेलं, तर विक्रेत्याचं संरक्षण जातं. बरेच कुरिअर ग्राहकाला ॲपमधून 'शेजाऱ्याकडे द्या' असा पर्याय देतात. ती सूचना कागदोपत्री पत्ताबदल म्हणून नोंदली गेली की पंचाईत. अशा वेळी ग्राहकाने स्वतः केलेल्या सूचनेची नोंद कुरिअरकडून लेखी मागून घ्यावी. पेपालकडे तिचा किती उपयोग होईल याची खात्री नको, पण पुढच्या दोन ठिकाणी ती सोन्यासारखी आहे.

त्यातलं पहिलं ठिकाण बँक. कार्डाने पैसे भरलेले असतील तर ग्राहक चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत भरलेले पैसे परत, मागू शकतो. व्हिसाकडे 'माल मिळाला नाही' या तक्रारीचा क्रमांक 13.1, मास्टरकार्डकडे ती 4853 मध्ये मोडते. इथला प्रश्न पिनकोडावर भागत नाही. कार्डधारकाला किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाला, ठरलेल्या ठिकाणी माल मिळाला हे दाखवावं लागतं. कुरिअरवाल्याने स्वतःच्या मनाने गाठलेला शेजारी या व्याख्येत बसवणं अवघड. ईबेवर जिंकलेला वाद बँकेत हरता येतो तो याच फटीतून.

दुसरं ठिकाण कायदा, आणि तो जिथे स्पष्ट आहे तिथे ग्राहकाच्या बाजूने स्पष्ट आहे. युरोपीय संघाच्या 2011 च्या ग्राहक हक्क निर्देशातलं कलम 20 आणि ब्रिटनच्या 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यातलं कलम 29 जवळपास एकच गोष्ट सांगतात: माल ग्राहकाच्या, किंवा ग्राहकाने नेमून दिलेल्या माणसाच्या प्रत्यक्ष ताब्यात येईपर्यंत जोखीम विक्रेत्याची. शेजारी ग्राहकाने नेमला असेल तर विक्रेता सुटला. कुरिअरने परस्पर निवडला असेल तर अजून अडकलेलाच. विक्रेता दुसऱ्या देशात बसला असला तरी तिथल्या ग्राहकांना माल विकताना हे ध्यानात ठेवावं.

तेव्हा वादाचा सगळा भार एका प्रश्नावर येतो: शेजारी कुणी निवडला? त्या कसोटीवर कुरिअरच्या पुराव्यांचे प्रकार लावून पाहिले तर बोलबाला असलेलेच काही फिके पडतात.

ओटीपीचं उदाहरण घ्या. सर्वांत कडक पुरावा म्हणून त्याची जाहिरात होते. पण ओटीपी ग्राहकाच्या फोनवर येतो आणि शेजारी द्यायच्या वेळी ग्राहक तो फोनवरून वाचून दाखवतो. म्हणजे त्यातून त्याची संमती सिद्ध होते, माल मिळाल्याचं नाही. गंमत अशी की शेजाऱ्याच्या वादात संमतीच तर हवी असते, त्यामुळे इथे ओटीपी उपयोगी पडतो, फक्त जाहिरातीत सांगतात त्या कारणासाठी नव्हे.

जीपीएसवर फार भिस्त ठेवू नये. मोकळ्या आभाळाखाली मोबाइलची अचूकता साधारण 5 मीटर, उंच इमारतींच्या गर्दीत त्याहून वाईट, आणि कुठला मजला हे नकाशावरच्या ठिपक्याला कळत नाही. शेजारचं दार आणि ग्राहकाचं दार यांतला फरक त्यात दिसणारच नाही. गाडी भलत्याच रस्त्यावर होती एवढं मात्र तो दाखवू शकतो. म्हणजे विक्रेत्याच्या बचावापेक्षा कुरिअरची चूक पकडायला जास्त कामाचा.

फोटो चांगला असेल तर उत्तम. चांगला म्हणजे ज्यात पार्सलचं लेबल आणि दारावरचा क्रमांक एकाच चौकटीत आहेत असा. पायपुसणं आणि खोक्याचा कोपरा दाखवणारे फोटो ढिगाने मिळतात, ते कुणाच्याही दाराचे असू शकतात. स्क्रीनवर बोटाने ओढलेली सही सर्वांत कुचकामी, तिच्यापुढे नाव आणि घरक्रमांक टाइप केलेला असेल तरच तिला किंमत. दारात टाकलेली चिठ्ठी दुर्लक्षिली जाते, पण प्रत्यक्षात पार्सल सापडतं ते बहुधा तिच्याचमुळे. घरक्रमांक चुकीचा लिहिलेली चिठ्ठी ही नसलेल्या चिठ्ठीपेक्षा वाईट, कारण ग्राहक चुकीच्या दारावर जाऊन नकार ऐकून येतो आणि तिथून तक्रारीचा सूरच बदलतो.

तक्रार आली की पहिला दिवस शोधाचा मानावा, वादाचा नव्हे. ट्रॅकिंगचं पूर्ण पान उघडून दिवस, वेळ, नोंदलेलं नाव आणि घरक्रमांक टिपून घ्यावा आणि ग्राहकाला तसंच लिहावं: 'मंगळवारी दुपारी 2 वाजून 10 मिनिटांनी 14 क्रमांकाच्या घरी दिल्याची नोंद आहे. एकदा तिथे विचारून पाहाल का? नसेल तर आजच कुरिअरकडे चौकशी टाकतो.' यात आरोप नाही, जबाबदारी झटकणं नाही आणि ग्राहकाने करायचं काम एकच आहे. शेजाऱ्याचं पूर्ण नाव कळलं तरी ते सार्वजनिक अभिप्रायात किंवा प्रश्नोत्तरांत लिहू नये. त्या बिचाऱ्याने फक्त उपकार केलेला असतो.

घरक्रमांक नोंदलेलाच नसेल तर कुरिअरकडे लगेच चौकशी टाकावी. करार पाठवणाऱ्याशी असल्यामुळे कुरिअर दाद देतो ती विक्रेत्याला. ग्राहकाला 'तुम्हीच फोन करा' सांगणं म्हणजे दोन दिवस फुकट घालवणं. चौकशीत 'पार्सल कुठे आहे' असं मोघम विचारलं की 'डिलिव्हर्ड' हेच उत्तर परत येतं. नेमकं विचारावं: कुठल्या घरक्रमांकावर दिलं, कुणाच्या सांगण्यावरून दिलं, चिठ्ठी टाकली का, फोटो आहे का, स्कॅनच्या वेळी गाडी कुठे होती, आणि डिलिव्हरी करणाऱ्याला प्रत्यक्ष विचारलं का. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि लवकर विचारायचा. रोज शेकड्याने पार्सलं वाटणाऱ्याला आठवड्यापूर्वीचं दार आठवत नाही.

'शेजारी' हा शेरा कधीकधी फेरी संपवण्यासाठीही मारला जातो. नुसतं 'शेजारी', पुढे नाव नाही, क्रमांक नाही, आणि त्याच मिनिटाला आजूबाजूच्या चार पार्सलांचे स्कॅन, अशी नोंद दिसली की ग्राहकावर संशय घेण्याआधी कुरिअरवर घ्यावा. उलट घरक्रमांक, नाव, नीट फोटो सगळं आहे, तो शेजारी 'हो, त्याच संध्याकाळी दिलं' म्हणतोय आणि ग्राहक अडून बसलाय, तर कुरिअरमार्फत न मिळाल्याचं लेखी, सही केलेलं निवेदन मागवावं. सही करायची वेळ आली की काही तक्रारी आपोआप थंड होतात.

शेजाऱ्याने घेतलं पण आतली वस्तू फुटली किंवा खोकं उघडलेलं निघालं, हा वेगळा वाद. इथे कामाला येतं ते पाठवतानाचं वजन. पॅकिंगनंतर ग्रॅममध्ये वजन करून नोंदवलं असेल आणि कुरिअरच्या डेपोतल्या काट्यावरचं वजन त्याच्याशी जुळत असेल, तर निदान खोकं तिथपर्यंत भरलेलं होतं हे दाखवता येतं.

हे सगळं टाळायचं तर उपाय बुकिंगच्या वेळीच करावा लागतो. खोक्यावर मार्करने 'शेजारी देऊ नये' लिहून काही होत नाही, डिलिव्हरी करणारा हातातल्या यंत्राचं ऐकतो. ही सूचना सेवेचा पर्याय म्हणून निवडावी लागते आणि प्रत्येक कुरिअरकडे ती सोय नसते. जर्मनीत डीएचएल ग्राहकाला पसंतीचा शेजारी आधीच नेमू देते. ब्रिटनमध्ये रॉयल मेलने 2012 मध्ये ही पद्धत देशभर सुरू केली तेव्हा नको असणाऱ्यांसाठी दारावर लावायचं स्टिकर ठेवलं. दोन्हींत डीएचएलची रीत विक्रेत्याला जास्त सोयीची, कारण शेजारी ग्राहकाने निवडल्याची नोंद आपोआप तयार होते. जिथे असं काही नाही तिथे ऑर्डरच्या पानावरच एक रकाना ठेवावा: 'घरी नसल्यास कुणाकडे द्यावं?' रिकामा राहिला तर शेजारी नाही, डेपोत ठेवावं. भरला तर तेच नाव बुकिंगमध्ये टाकावं. ग्राहकाचा चालू फोन नंबर लेबलच्या माहितीत जाणं हेही तितकंच गरजेचं.

स्वस्त वस्तूंसाठी मात्र इतका खटाटोप परवडत नाही. वस्तूची किंमत चौकशीत जाणाऱ्या वेळापेक्षा कमी असेल तर तीन दिवस वाट पाहून पैसे परत करणं किंवा दुसरी पाठवणं सरळ. दुसरी पाठवताना तोच कुरिअर, तोच पत्ता, तोच वार नको. डेपोतून उचलण्याचा किंवा लॉकरचा पर्याय द्यावा.

पैसे परत केल्यावर पहिलं पार्सल शेजाऱ्याच्या जिन्याखाली सापडतं, असंही घडतं. त्यासाठी परताव्याच्या संदेशातच एक ओळ आधी घालून ठेवावी: 'पार्सल नंतर मिळालं तर कृपया कळवा, परत पाठवायचा खर्च आमचा, किंवा ठेवायचं असल्यास पैसे भरण्याची लिंक देऊ.' ही ओळ आधी गेलेली असेल तर ग्राहकाला कळवायला संकोच वाटत नाही. नंतर पाठवलेली तीच ओळ वसुलीसारखी वाचली जाते.