बीपीसी-१५७ ची ५ मिलिग्रॅमची बाटली: लॅबसाठी ठीक, तालमीसाठी नाही

पेशींवरच्या प्रयोगांसाठी ही बाटली चालेल, पण सोबतचा कागद, म्हणजे विक्रेत्याचा तपासणी अहवाल, नीट वाचून. खांद्यात किंवा गुडघ्यात टोचून घ्यायला मात्र अजिबात घेऊ नये.

बीपीसी-१५७ म्हणजे १५ अमिनो आम्लांची साखळी (पेप्टाइड), रेणुभार १४१९.५. झाग्रेबच्या संशोधकांनी त्यावर बरीच वर्षे काम केले आहे आणि उंदरांच्या तुटलेल्या कंडरा (टेंडन) भरून येण्यात चांगले निकाल मिळाले आहेत. माणसांवरचा पुरावा तुटपुंजा आहे.

कागदावर आधी एचपीएलसीची, म्हणजे मालातले घटक वेगळे करून शुद्धता मोजणाऱ्या चाचणीची, तरंगलांबी पाहा. ती २१४ किंवा २२० नॅनोमीटर हवी. या साखळीत २८० नॅनोमीटरचा प्रकाश शोषणारी ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन ही अमिनो आम्ले नाहीत, त्यामुळे २८० वर ती जवळजवळ दिसतच नाही. तिथे उंच शिखर दाखवणारा आलेख दुसऱ्याच कुठल्या मालाचा असणार. रेणूचे वजन दाखवणाऱ्या मास स्पेक्ट्रममध्ये १४२० किंवा दुहेरी प्रभाराचे ७१० च्या आसपास शिखर हवे.

‘शुद्धता ९९ टक्के’ म्हणजे पावडरीत ९९ टक्के पेप्टाइड, असे नव्हे. वजनात पाणी आणि ॲसिटेट किंवा टीएफए (ट्रायफ्लुओरोॲसिटेट) क्षारही मोजले जातात. ५ मिलिग्रॅम ३.५२ मिलिलिटरमध्ये विरघळवले की हिशेबाने १ मिलिमोलर होते. निव्वळ पेप्टाइड ८० टक्के असेल तर हातात ०.८ च येते. म्हणून निव्वळ पेप्टाइडचा आकडा विक्रेत्याकडून मागून घ्यावा. एंडोटॉक्सिनचा (जिवाणूंच्या विषारी अंशाचा) अहवालही मागावा, कारण एचपीएलसीत ते दिसत नाही आणि स्क्रॅच चाचणीत (पेशींच्या थरावर ओरखडा काढून तो किती लवकर भरतो हे पाहतात) पेशी सरकण्याचा वेग तेच बदलू शकते. मग श्रेय पेप्टाइडला जाते! बहुतेक विक्रेते हा अहवाल देत नाहीत, आणि आमची सगळ्यात मोठी तक्रार हीच.

मे महिन्यात संभाजीनगर-नांदेडच्या उन्हात पार्सल दोन दिवस अडकले, तरी कोरडी पावडर सहसा टिकते. खरा घात ओलाव्याने होतो. उणे २० अंशांवरची बाटली लगेच उघडू नये. डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, नाहीतर थंड पावडरीवर दव धरते. उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये थोडी फिरवावी, कारण झाकणाला चिकटलेली पावडर वाया जाते. निर्जंतुक पाणी काचेच्या कडेने सोडावे, हलके घोळवावे, लहान भाग करून गोठवावेत. एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवू नये. घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीज यासाठी नको, त्याचे तापमान सारखे वरखाली होते. वारंवार वीज जाणाऱ्या गावात तर बॅकअप हवाच.

लातूर-परभणीकडच्या पैलवानांनी आणि वस्तादांनी एवढे ध्यानात ठेवावे: २०२२ पासून हे वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) बंदी यादीत, एस० म्हणजे मान्यता नसलेल्या पदार्थांच्या गटात आहे. बाटलीवर ‘फक्त संशोधनासाठी’ छापलेले असते, म्हणजे ती इंजेक्शनच्या दर्जाची निर्जंतुक असल्याची हमी कोणी देत नाही. कंडरा दुखावली असेल तर अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट गाठावा.