गड्ड्यापासून दिवाळीपर्यंत: शेअर्ड ड्राइव्हला माणसागणिक पासवर्ड

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीचा एक कारखाना आहे, तिथलं कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे आहे. ऑफिसात विसाच्या आत माणसं. डोमेन नाही, म्हणजे सगळ्यांची खाती एका जागी सांभाळणारी यंत्रणा नाही; मायक्रोसॉफ्टची तशी यंत्रणा, ॲक्टिव्ह डिरेक्टरी, तीही नाही. एकच स्वतंत्र सर्व्हर, त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि सांबा (लिनक्स सर्व्हरवरच्या फाइल्स विंडोजच्या मशीनना देणारं सॉफ्टवेअर), आणि तीन शेअर, म्हणजे सामायिक फोल्डर: हिशेब, डिस्पॅच, डिझाइन. पूर्वी सगळ्यांना मिळून एकच युजर आणि एकच पासवर्ड होता, तोही मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीत ते बंद केलं आणि प्रत्येकाला स्वतःचं खातं दिलं. आता दिवाळी उरकली आहे, त्यामुळे बरं-वाईट दोन्ही सांगता येईल.

खटाटोप केला तो डिझाइनच्या शेअरसाठी. जेकार्डच्या (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेच्या) फाइल्स ही कारखान्याची खरी पुंजी. नवी नक्षी बाजारात यायच्या आधीच दुसऱ्याच्या मागावर चढली तर सगळी मेहनत पाण्यात. आणि एकाच पासवर्डवर दहा जण असले की फाइल कुणी उचलली हे लॉगमध्ये कधीच कळत नाही.

सांबात नवीन माणसाचा गोंधळ होतो तो दोन याद्यांमुळे. आधी लिनक्सवर खातं उघडायचं, मग एसएमबीपासडब्ल्यूडी कमांडने तोच युजर सांबाच्या यादीत घालायचा. एकच यादी का पुरत नाही? कारण विंडोज नेटवर्कवरून पासवर्ड पाठवतच नाही. सर्व्हर एक आकडा पाठवतो, विंडोज पासवर्डच्या हॅशने (पासवर्डपासून गणिताने काढलेल्या खुणेने) त्याचं उत्तर काढतं आणि सर्व्हर ते ताडून बघतो. लिनक्स आपल्या खात्यांचे हॅश शॅडो फाइलमध्ये ठेवतं; तिथला हॅश वेगळ्या जातीचा असतो, त्यावरून हे उत्तर ताडता येत नाही. म्हणून सांबा आपली वेगळी फाइल ठेवतो: पासडीबी डॉट टीडीबी. ह्या फाइलला जपा. तिच्यातला हॅश हाती लागला की मूळ पासवर्ड न कळताही आत शिरता येतं. बॅकअप पेनड्राइव्हवर घेत असाल तर तो पेनड्राइव्हही कपाटात कुलूपबंद हवा. लिनक्सच्या खात्यांना मी लॉगिनच ठेवलेलं नाही, म्हणजे माणसामागे सांभाळायचा पासवर्ड एकच उरतो.

डेबियनच्या तयार सेटिंगमध्ये एक ओळ मुद्दाम बघून घ्या: मॅप टू गेस्ट, आणि तिच्यापुढे बॅड युजर. ही ओळ असली की नाव चुकलेल्या माणसाला सर्व्हर गुपचूप पाहुणा (बिनपासवर्डचा वापरकर्ता) समजतो. मग पासवर्ड परत विचारला जात नाही, नुसतं 'परवानगी नाही' येतं आणि माणूस तासभर भलतीकडेच शोधत बसतो. मी तिथे नेव्हर घातलं. विंडोज 11 प्रोच्या 24एच2 आवृत्तीपासून पाहुण्याचा रस्ता तसाही मुळातच बंद आहे, आणि ते चांगलंच आहे.

आता खरी मेहनत. ती सर्व्हरवर नाही, टेबलाटेबलावर आहे. डिस्पॅचचे काका पहिल्याच आठवड्यात वैतागले. "अरे, सकाळी ह्याच आकड्यांनी कॉम्प्युटर उघडला की! आता चुकीचं का म्हणतंय?" ते पिन टाकत होते. म्हटलं, "काका, पिन ह्या मशीनपुरताच. सर्व्हरला तो माहीतच नाही. त्याला मी कागदावर दिलेला पासवर्ड द्या." नावाच्या आधी सर्व्हरचं नाव आणि उलटी तिरकी रेघ घालायला शिकवलं, तेव्हा ड्राइव्ह उघडला. हिशेब विभागात वेगळीच अडचण: मराठी टायपिंग चालू असताना पासवर्ड टाकायचा, आणि ठिपक्यांमागे काय उमटलं ते दिसत नाही.

पासवर्ड बदलला की विंडोज आधी जपून ठेवलेला जुनाच पुढे करतं. चुकीच्या प्रयत्नांवर खातं कुलूप होण्याची सोय सांबात आहे, पण मुळात ती बंद असते. सांबाच्या पीडीबीएडिट कमांडने ती चालू केली असेल तर माणसाने काही न करताच खातं अडकतं. म्हणून क्रम ठरवून टाकला आहे: विंडोज पासवर्ड जिथे जपून ठेवतं त्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधली जुनी नोंद काढायची, नेट यूज कमांडने जुनं कनेक्शन तोडायचं, मगच नवा पासवर्ड. मधली पायरी गाळली तर 1219 क्रमांकाची एरर ठरलेली, कारण एका मशीनवरून एकाच सर्व्हरला दोन नावांनी जोडता येत नाही.

दर महिन्याला पासवर्ड बदलायची सक्ती मी केली नाही आणि करणारही नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी ह्या तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनेही 2017 पासून हेच सांगितलं आहे: पासवर्ड फुटल्याची शंका असेल तेव्हाच बदला. सांबात मुदत मुळात नसतेच. विंडोजच्या स्वतंत्र सर्व्हरवर मात्र ती 42 दिवसांची असते, आणि नुसता ड्राइव्ह वापरणारा माणूस सर्व्हरवर कधी लॉगिनच करत नसल्याने त्याला आगाऊ सूचना दिसत नाही. एके दिवशी सकाळी ड्राइव्ह बंद! त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहा. लांबही होतो, लक्षातही राहतो.

ह्या सगळ्याचं चीज झालं ते उन्हाळ्यात, आमचा एक डिझायनर काम सोडून गेला तेव्हा. फक्त त्याचं खातं बंद केलं, बाकी कुणाला काही कळलंही नाही. मात्र खातं बंद केल्याने आधीपासून उघडं असलेलं कनेक्शन तुटत नाही. एसएमबीस्टेटस (कोण जोडलेलं आहे ते दाखवणारी सांबाची कमांड) लावून बघितलं तर त्याचं मशीन जोडलेलंच होतं. एसएमबीकंट्रोल कमांडने ते तोडलं, तेव्हा काम पूर्ण झालं.

उणीव एकच, पण मोठी. खात्यांची ही यादी ह्या एका सर्व्हरपुरतीच आहे. गोडाऊनला दुसरा सर्व्हर बसवायचं मालकांच्या मनात आहे, आणि तिथे हेच पासवर्ड आपोआप जाणार नाहीत. प्रत्येक बदल दोनदा करावा लागेल. तो सर्व्हर आला की मी सांबाचंच डोमेन उभारणार आहे. तोवर एका सर्व्हरच्या ऑफिसला ही व्यवस्था पुरेशी आहे, आणि लायसनचा खर्च शून्य.