स्टेअरिंगचं लॉक: दात्यांचं की चिमट्याचं?

स्टेअरिंग वर-खाली करायचा लिव्हर बहुतेक लोक गाडी घेतल्यावर एकदा ओढतात आणि मग विसरून जातात. माझ्याकडे तो दिवसातून बारा-चौदा वेळा ओढला जातो. साताऱ्यात माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. शिकवणीच्या दोन गाड्या आहेत आणि दर अर्ध्या तासाला सीटवर नवा माणूस बसतो. सकाळी सहाला पोलीस भरतीची तयारी करणारा सहा फुटी मुलगा, साडेसहाला पाच फुटांच्या आतल्या काकू. सीट पुढे ओढायची, आरसा वळवायचा आणि स्टेअरिंग खाली घ्यायचं, हा रोजचा पाठ. स्टेअरिंग लावलेल्या उंचीवर पक्कं धरून ठेवणारी लॉकं (चोरीविरुद्धचं किल्लीचं लॉक नव्हे) दोन्ही गाड्यांत वेगळ्या जातीची आहेत. त्यामुळे ज्यांच्या घरी एकच गाडी तिघं-चौघं चालवतात, किंवा ज्यांना माझ्यासारखी शिकवणीची गाडी घ्यायची आहे, त्यांना माझा अनुभव थोडा उपयोगी पडेल असं वाटतं.

एका गाडीत दात्यांचं लॉक आहे. लिव्हर मिटला की दाते असलेला एक ठोकळा कॉलमच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या दांड्याच्या, ब्रॅकेटवरच्या खाचांत जाऊन बसतो. ही कल्पना जुनी आहे. जनरल मोटर्सने १९६३ साली अमेरिकेत जे टिल्ट स्टेअरिंग आणलं, तेही असंच ठरावीक टप्प्यांवर थांबणारं होतं. दुसऱ्या गाडीतल्या लॉकला मी चिमट्याचं म्हणतो. त्यात दाते नसतात. लिव्हर फिरवला की त्याच्या मुळाशी असलेला उंचवट्याचा तुकडा, म्हणजे कॅम, आडव्या बोल्टला ओढतो आणि ब्रॅकेटच्या दोन बाजू कॉलमला चिमटीत धरल्यासारख्या आवळतात. पकड वाढावी म्हणून काही कॉलममध्ये एकाआड एक पातळ पट्ट्या घातलेल्या असतात. मोटरसायकलच्या क्लचमध्ये एका प्लेटऐवजी चार-पाच का असतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला याचं कारण लगेच कळेल: एकमेकांवर दाबले जाणारे पृष्ठभाग जितके जास्त, तितकी पकड जास्त. काही गाड्यांत दोन्ही प्रकार एकत्रही असतात, वर-खाली करायला दाते आणि पुढे-मागे घ्यायला चिमटा. आपली छोटी गाडी बहुधा फक्त वर-खालीच होते, म्हणून इथे तेवढंच बोलतो.

दोन्ही गाड्यांच्या लॉकमध्ये आवाज मारायची, म्हणजे दाबून टाकायची, सोय केलेली आहे, आणि माझं म्हणणं नेमकं त्या सोयीबद्दल आहे.

या यंत्रणेतून तीन आवाज येतात. पहिला धप्पकन येणारा. लिव्हर सोडला की चाक, त्याच्या मधोमध बसवलेली एअरबॅग आणि कॉलम यांचं सगळं वजन खाली येतं आणि आडवा बोल्ट ब्रॅकेटमधल्या ज्या लांबट फटीत सरकतो तिच्या टोकावर आपटतो. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, त्यामुळे आता हलकं चाक असलेली नवी गाडी मिळणारच नाही. यावर उपाय म्हणजे वजन तोलणारी स्प्रिंग, आणि फटीच्या टोकाला रबर किंवा प्लास्टिकचं अस्तर. दुसरा आवाज लिव्हरचा. कॅमचा उंचवटा ओलांडला की लिव्हर हातातून सुटल्यासारखा पळतो आणि टोकाला टक्कन थांबतो, तिथेही छोटं रबर लावतात. हे दोन्ही आवाज दोन्ही जातींत येतात आणि दोन्हींमध्ये ते चांगले मारता येतात. माझ्या दोन गाड्यांत या बाबतीत फरक करायचाच झाला तर दात्यांची गाडी किंचित सरस आहे. तिची स्प्रिंग चांगली आहे, लिव्हर सोडला तरी चाक मांडीवर पडत नाही, जागच्या जागी तरंगतं. चिमट्याच्या गाडीत डाव्या हाताने चाक धरूनच लिव्हर सोडावा लागतो, आणि हे मी प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगतो.

तिसरा आवाज दात्यांचा, खट्ट. तो फक्त पहिल्या जातीत येतो आणि माझा कौल त्यानेच ठरवला.

दाता नेहमीच खाचेत जात नाही. चाक अशा उंचीवर थांबलेलं असतं की दात्याचं टोक खाचेत न जाता समोरच्या दात्याच्या टोकावर येतं. जुन्या लॉकमध्ये अशा वेळी लिव्हर पूर्ण मिटायचाच नाही, अर्ध्यात अडायचा, आणि माणसाला कळायचं की चाक जरा हलवायला हवं. त्यावर उपाय म्हणून दात्यांच्या ठोकळ्यामागे स्प्रिंग आली. आता दात्यावर दाता आला तरी लिव्हर पूर्ण मिटतो आणि ठोकळा स्प्रिंगच्या दाबाखाली वाट बघत राहतो. चाकावर जोर आला किंवा धक्का बसला की दाता शेजारच्या खाचेत उतरतो. यंत्र म्हणून यात चूक नाही. कॉलम तेवढा वेळ आवळलेला असतोच, आणि दाता उतरला की पक्का बसतो.

मागच्या पावसाळ्यात एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे शिकायला आल्या. वय बासष्ट, शिकायची जिद्द मोठी. मुलगा पुण्यात, घरात गाडी नुसती उभी, म्हणून स्वतःच चालवायची असं त्यांनी ठरवलं होतं. पाचव्या दिवशी सकाळी त्यांच्या आधी तो उंच मुलगा येऊन गेला होता. बाईंनी स्टेअरिंग खाली घेतलं, लिव्हर मिटवला. मी शेजारून पाहिलं, लिव्हर पूर्ण आत गेला होता. गोडोलीच्या बाजूला सपाट रस्त्यावर दुसरा गिअर नीट पडला. पहिला स्पीडब्रेकर आला, पुढची चाकं उतरली आणि बाईंच्या हाताखाली खट्ट झालं. चाक बोटाच्या जाडीइतकं खाली सरकलं. बाईंनी दोन्ही हात चाकावरून उचलले.

माझ्या बाजूला ब्रेक होता म्हणून गाडी जागेवर थांबली. मागे दूधवाला होता, तोही थांबला. बाई म्हणाल्या, "दादा, माझ्या हातून काही मोडलं का हो?" काही मोडलं नव्हतं. मी लिव्हर उघडून त्यांना दाते कसे बसतात ते समजावलं, त्यांनी ते लगेच समजूनही घेतलं. पण पुढचे तीन दिवस स्पीडब्रेकर दिसला की त्यांचे खांदे वर जायचे. आमचा कोर्स एकवीस दिवसांचा. त्यातले तीन दिवस एका दात्याने खाल्ले, याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून मी मुद्दाम लक्ष ठेवलं. माझ्या दात्यांच्या गाडीत दहा वेळा लिव्हर मिटवला तर दोन-तीनदा दाता उशिरा उतरतो. दात्यांच्या दुसऱ्या एखाद्या गाडीत हे प्रमाण वेगळं असू शकेल, मी एकाच गाडीचं सांगतोय.

मग प्रश्न पडतो की दाता बसला की नाही हे मिटवतानाच का कळत नाही? कारण आवाज मारलेला आहे. दात्यांच्या टोकांवर प्लास्टिकचं पातळ अस्तर असतं, किंवा ठोकळ्यामागे रबर असतं. लिव्हर मिटवला की दाता बसला तरी 'थप' आणि नुसता टेकला तरी 'थप'. माझ्या आधीच्या जुन्या गाडीचं लॉक कर्कश होतं, पण दाता बसल्याचा टणत्कार शेजारच्या सीटवर मला ऐकू यायचा. तो आवाज म्हणजे दाता बसल्याचा पुरावा होता. आवाज मारताना तो पुरावाही गेला, आणि उशिरा उतरणाऱ्या दात्याचा धक्का मात्र राहिला, कारण तो नुसता कानाला नाही, हाताला जाणवतो. रस्त्यावर धावत्या गाडीत, नवशिक्याच्या हाताखाली.

चिमट्याच्या लॉकमध्ये मुळात असं सांगण्यासारखं काही नसतं. खाचा नाहीत, त्यामुळे बसला-न-बसला असा भेद नाही. लिव्हर शेवटच्या दोन बोटांच्या अंतरात घट्ट होत जातो आणि थांबतो. पकड आली की नाही ते हाताला कळतं, कानाची गरज लागत नाही. म्हणून इथे आवाज मारला तर काहीच गमावलं जात नाही. लिव्हर मिटल्यावर ही गाडी पुन्हा बोलत नाही. शिवाय चाक हव्या त्या उंचीवर थांबतं. दात्यांच्या गाडीत बुटक्या माणसाला कधी कधी अशी अडचण होते की एका खाचेवर चाकाची वरची कड स्पीडोमीटर झाकते आणि खालच्या खाचेवर चाक मांडीला लागतं. साडी नेसून शिकायला येणाऱ्या बायकांना हा त्रास जास्त होतो, कारण निऱ्यांमुळे मांडीवर आणखी जाडी येते. त्यात एअरबॅगपासून छाती निदान पंचवीस सेंटिमीटर लांब हवी, म्हणजे सीट वाटेल तेवढी पुढे घेता येत नाही. अशा वेळी अर्ध्या बोटाचा फरकही कामाचा असतो.

आता चिमट्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याचा लिव्हर जड असतो. संधिवाताची बोटं असलेल्या एका काकांना तो मिटवता येत नाही, त्यांच्यासाठी मीच मिटवतो. आणि तिसऱ्या वर्षी माझ्या गाडीची पकड सैल झाली. शिकणारी माणसं उतरताना चाकाला धरून स्वतःला ओढतात, कितीही सांगितलं तरी. सकाळी लावलेलं चाक दुपारपर्यंत बोटभर खाली आलेलं दिसायला लागलं. लिव्हरही पूर्वीपेक्षा हलका मिटायला लागला होता, ती खूण मी आधी ओळखायला हवी होती. त्याच दिवशी गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली, त्यांनी पकड पुन्हा घट्ट करून दिली, नंतर तक्रार नाही. पण पकडीवर चालणारं लॉक वापराने सैल होऊ शकतं हे खरं आहे. दात्यांचं लॉक असं कणाकणाने सरकत नाही. अपघातात चाक जागच्या जागी राहावं म्हणून दाते जास्त भरवशाचे, असं मानणारे अनुभवी मिस्त्री मला भेटले आहेत, आणि त्यांचं म्हणणं मी खोडून काढणार नाही. मात्र विक्रीला असलेला कुठलाही कॉलम टकरीच्या चाचण्यांतून गेलेला असतो, त्यामुळे चिमट्याला घाबरायचं कारण मला दिसत नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. आवाज घालवायला कॉलमपाशी स्वतः काही करू नका आणि रस्त्याकडेच्या गॅरेजलाही करू देऊ नका. दात्यांचा आवाज घालवायला मी एकदा एका गॅरेजमध्ये ग्रीस भरून घेतलं होतं. आठ दिवस बरं वाटलं. मग त्यात धूळ बसली आणि उशिरा उतरणारे दाते वाढले. दुसऱ्यांदा बोल्टच्या फटीच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून पाहिला, तो दोन महिन्यांत चेपला आणि कडेने बाहेर यायला लागला. चिमट्याच्या लॉकमध्ये तर ग्रीसचं बोट चुकीच्या पट्टीला लागलं की पकडच जाईल. आणि त्या भागात एअरबॅगच्या तारा जातात.

मोटरवर चालणारं स्टेअरिंग महागड्या गाड्यांत मिळतं. लिव्हरच नाही, आवाज म्हणाल तर बारीक घरघर, आणि प्रत्येकाची उंची लक्षात ठेवायची सोय असते. बजेट असेल त्यांनी खुशाल घ्यावं. आमच्या धंद्यात त्याचा विचार नको.

गाडीच्या माहितीपत्रकात लॉक कुठल्या जातीचं हे लिहिलेलं नसतं. ते हातानेच ओळखावं लागतं. इंजिन बंद ठेवून लिव्हर सावकाश मिटवा. वाटेत हाताला कुरकुर लागली तर दाते, काहीच न लागता शेवटी घट्ट होत गेला तर चिमटा. मग चाक दहा वेगवेगळ्या उंचींवर लावा. प्रत्येक वेळी लिव्हर मिटवून दोन्ही तळव्यांनी चाकाची कड खाली दाबा, मग वर उचलून पाहा. दहापैकी एकदाही खट्ट होऊन चाक सरकलं नाही तर दात्यांची गाडीही बिनधास्त घ्या. ही तपासणी आता आमच्याकडे दोन्ही गाड्यांत किल्ली फिरवायच्या आधी होते. बाईंनी तर कोर्स संपल्यावर स्वतःच्या गाडीतही ती चालू ठेवली आहे.

घरात एकच माणूस गाडी चालवणार असेल, चाक वर्षातून एकदा हलणार असेल, तर दात्यांचं लॉक घ्यायला माझी हरकत नाही, उलट वर्षानुवर्षं ते तसंच राहील. पण चालवणारे हात रोज बदलत असतील, आणि त्यांतला एखादा हात नवा असेल, तर मी चिमट्याकडे झुकेन. माझी दात्यांची गाडी या दिवाळीच्या सुमारास बदलायची आहे, आणि शोधतोय ती चिमट्याचीच. शोरूममध्ये चालवून बघायला देतात ती गाडी बहुधा सगळ्यात वरच्या व्हेरिअंटची असते, आणि खालच्या व्हेरिअंटला कधी कधी स्टेअरिंग वर-खाली करायची सोयही नसते. त्यामुळे आगाऊ रक्कम देण्याआधी आपण घेणार त्याच व्हेरिअंटच्या गाडीत बसून लिव्हर ओढून बघायला मागा. अर्धा तास लागतो, आणि नीट विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही.