'बाँडेड' ब्रेक ड्रमच्या नावाखाली माझे ३ लाख ८५ हजार गेले, कास्टिंग बाहेरून घेणाऱ्यांनी वाचा

वागळे इस्टेटला माझा छोटा गाळा आहे, दोन लेथ, एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन), पाच माणसं. गेल्या वर्षी भिवंडीच्या एका पार्टीने विचारलं, ते इलेक्ट्रिक मालवाहू तीनचाकी बनवतात, की ब्रेक ड्रमचं वजन कमी करून देता येईल का. त्यांचा ड्रम आख्खा बिडाचा, म्हणजे कास्ट आयर्नचा होता, ४.१ किलो. बाहेरून ॲल्युमिनियम आणि आत ब्रेक शू घासतो तेवढीच बिडाची रिंग ठेवली तर तोच ड्रम २ किलोच्या आसपास येतो, कारण बीड एका घनसेंटिमीटरला साधारण ७.२ ग्रॅम भरतं आणि ॲल्युमिनियम २.७. स्कूटरच्या हबमध्ये हे वर्षानुवर्षं चालतंय, तिथे रिंगेला बाहेरून खाचा असतात आणि ॲल्युमिनियम त्या खाचांत जाऊन बसतं. पण इथे पाचशे किलो माल, उतार, सारखा ब्रेक, म्हणून पार्टीला दोन धातू नुसते अडकलेले नको होते, एकजीव, म्हणजे 'बाँडेड' हवे होते.

मी मशीनिंगवाला माणूस, ओतकाम माझं नाही. ओळखीतून तुर्भ्याचा एक जण भेटला. बोलायला एकदम जाणकार. त्याने सांगितलं की ॲल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडची पापडी धरते, ती ६६० डिग्रीला वितळत नाही, २००० च्या वर जावं लागतं, म्हणून बिडावर नुसतं ॲल्युमिनियम ओतलं तर ते चिकटत नाही, फक्त आवळून बसतं. त्यासाठी रिंग आधी घासून साफ करून वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये बुडवून ठेवायची, तिच्यावर लोखंड-ॲल्युमिनियमचा पातळ थर तयार होतो, आणि तो ओला असतानाच रिंग डायमध्ये, म्हणजे साच्यात टाकून वरून ओतायचं. जास्त वेळ बुडवली तर थर जाड होतो आणि काचेसारखा ठिसूळ होतो. याला अल-फिन प्रोसेस म्हणतात. वर म्हणाला बीएमडब्ल्यूने २००४ मध्येच ॲल्युमिनियमवर मॅग्नेशियम ओतून इंजिनचा ब्लॉक काढला. हे सगळं खरं आहे, नंतर तपासलं तेव्हा एकही वाक्य खोटं निघालं नाही. म्हणूनच मी फसलो, त्याची माहिती पक्की होती, फक्त तो ते करत नव्हता.

त्याने मला एक कापलेला तुकडा दिला, पॉलिश करून. बाहेर ॲल्युमिनियम, मधे लोखंडी पट्टी, जोडावर भिंगातून बघितलं तरी फट नाही. मी छिन्नी लावून बघितली, सुटेना. सोबत एका लॅबचा रिपोर्ट, त्यात एलएम २५ या ॲल्युमिनियम मिश्रधातूची केमिस्ट्री आणि खाली एक ओळ, बाँड सॅटिसफॅक्टरी. मला तेवढं पुरलं.

डायचे १,३५,००० आणि ३०० नगांचे ६४० प्रमाणे १,९२,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी, सगळे मिळून ३,८५,८६०. डायचे पूर्ण आधी, नगांचे अर्धे आधी आणि अर्धे माल उतरवायच्या आधी. त्याच्या गाळ्यावर दोनदा गेलो, दोन्ही वेळा तिथे तयार नग, एक ग्राइंडर आणि खुर्च्या, भट्टी नाही. म्हणाला भट्टी तळोज्याला पार्टनरकडे आहे, तिथे बाहेरच्यांना आत सोडत नाहीत. हे ऐकूनही मी चहा पिऊन परत आलो, आजही त्याचा राग येतो स्वतःचा.

माल आला, दिसायला छान. बोअर टर्निंग केलं, म्हणजे आतली बाजू लेथवर मापात आणली, पहिले २५ नग भिवंडीला दिले. पार्टीने एक गाडी माल भरून घोडबंदर रोडला चाचणीला काढली, गायमुखचा घाट उतरताना मागून आवाज सुरू झाला आणि ब्रेक लागेनासा झाला. ड्रायव्हरने हँडब्रेकवर कशीबशी बाजूला घेतली. चाक उघडलं तर रिंग ड्रमच्या आत फिरत होती. खाली ट्रॅफिक असतं तिथे, मला त्या रात्री झोप लागली नाही, पैशामुळे नाही.

दुसऱ्या दिवशी गाळ्यावर एक नग हॅक्सॉने कापला. अर्ध्यावर आलो आणि रिंगेचा तुकडा हातात आला. ॲल्युमिनियमची आतली बाजू गुळगुळीत आणि रिंगेच्या पाठीवर गंजाचा लाल थर तसाच, म्हणजे बुडवणं सोडा, साफसुद्धा केली नव्हती. खाचाही नव्हत्या. थंड असताना ॲल्युमिनियम आकसून रिंगेला आवळतं म्हणून टर्निंगला काही कळलं नाही. पण ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या दुप्पट फुगतं, १३० मिमीच्या रिंगेवर १०० डिग्री चढले की दोघांत दीड दशांश मिमीचा फरक पडतो, पकड गेली. आणि फट पडली की रिंगेची उष्णता बाहेरही जात नाही, ती अजून तापते.

मग तो दाखवलेला तुकडा कसा काय एकजीव होता? हे मला आमच्याकडे येणाऱ्या एका रिटायर्ड फाउंड्रीवाल्यांनी सांगितलं, कोल्हापूरचे, आम्ही सगळे मामाच म्हणतो. त्यांनी तुकडा हातात घेतला, चकवरचा डायलचा मॅग्नेट स्टँड उचलून त्या लोखंडी पट्टीला लावला आणि म्हणाले, "ह्ये चिकटंना की रं." बीड चुंबकाला चिकटायलाच पाहिजे. मामा म्हणाले ही ड्रमची रिंग नाही, हा डिझेल इंजिनच्या पिस्टनचा तुकडा आहे. डिझेल पिस्टनमध्ये वरच्या रिंगच्या खाचेसाठी नाय-रेझिस्ट नावाच्या खास बिडाची पट्टी अल-फिनने बसवलेली असते, त्यात निकेल भरपूर असतं म्हणून चुंबक धरत नाही, आणि ती फुगतेही ॲल्युमिनियमच्या जवळपास म्हणूनच वापरतात. भंगारातला पिस्टन घ्यायचा, खाच सोडून कापायचा, पॉलिश मारायचा, झालं सॅम्पल. महिनाभर तो तुकडा माझ्या ड्रॉवरमध्ये होता आणि चुंबक त्याच टेबलावर.

रिपोर्टवरचा नंबर घेऊन मी लॅबला मेल केला. त्यांचं उत्तर आलं की हा नंबर दुसऱ्याच कंपनीच्या रिपोर्टचा आहे आणि बाँडची ती ओळ आम्ही लिहिलेली नाही. हे मी पैसे देण्याआधी एका मेलवर करू शकलो असतो. आणि एक, स्पेक्ट्रोचा, म्हणजे धातू तपासणाऱ्या मशीनचा रिपोर्ट खरा असला तरी तो फक्त धातूत काय काय आहे तेवढं सांगतो, जोडाबद्दल एक अक्षर सांगत नाही. जोडासाठी अल्ट्रासॉनिक तपासणी किंवा कापून मायक्रोस्कोपखाली, आणि तो नग लॉटमधून तुम्ही स्वतः उचललेला पाहिजे. मामांची जुनी पद्धत, जोडावर एका बाजूने रॉकेल सोडायचं, दुसऱ्या बाजूला खडू फासायचा, फट असेल तर खडू ओला होतो. माझ्या उरलेल्या मालातल्या १२ नगांवर केलं, बाराही ओले. मला ६४० रुपयांचा एक नग कापायला जड गेलं होतं.

त्याला फोन केला तर आधी म्हणाला तुमच्या मशीनिंगमध्ये रिंग हलली, मग फोन बंद, मग गाळ्याला कुलूप. जीएसटी पोर्टलवर नंबर टाकून बघितला तर कामाचा प्रकार ट्रेडिंग, मॅन्युफॅक्चरिंग नाहीच. तेही फुकटात, दोन मिनिटांत दिसतं. एमएसएमईच्या समाधान पोर्टलवर जा असं दोघांनी सांगितलं, पण ते माल विकणाऱ्याचे पैसे अडकले तर त्याच्यासाठी आहे, माल घेणाऱ्यासाठी नाही, त्यात माझे दहा दिवस गेले. पोलिसांनी आधी सिव्हिल मॅटर म्हणून परत पाठवलं. लॅबचा मेल जोडून खोट्या रिपोर्टवर बोट ठेवलं तेव्हा अर्ज घेतला, भारतीय न्याय संहितेच्या (बीएनएस) ३१८ (फसवणूक) आणि ३३६ (खोटे कागद) खाली गुन्हा नोंदवायची मागणी केलीय. रक्कम ३ लाखांच्या वर असल्याने वकील कमर्शियल कोर्टात जायचं म्हणतात, त्याआधी मध्यस्थीचा अर्ज करावा लागतो, तो ठाण्याला केलाय. भिवंडीच्या पार्टीला मी सगळे २५ ड्रम स्वतः जाऊन काढून दिले, जुने बिडाचे परत बसवले.

मागच्या आठवड्यात रबाळ्याच्या एका ओळखीच्याचा फोन आला, त्याला कोणीतरी बाँडेड हबचं कोटेशन दिलंय, नाव वेगळं, गाळा महापेचा, आणि सोबत एक पॉलिश केलेला कापीव तुकडा. मी म्हटलं आधी चुंबक लाव. पाच मिनिटांत त्याचा मेसेज, चिकटत नाही. सोमवारी आम्ही दोघं दोन्ही तुकडे घेऊन पोलीस स्टेशनला जातोय, तुमच्यापैकी कोणाकडे असा तुकडा आला असेल तर तो परत देऊ नका, जपून ठेवा आणि मला कळवा.